उलट्या आट्याचा व्हॉल्व्ह

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असायचा, हे आधीच सांगून टाकतो. घरचे म्हणतात, अजूनही आहे. पण आता तो डाळ खारट झाली म्हणून येतो. तेव्हा तो जगातला प्रत्येक माणूस माझ्यापेक्षा कमी शिकलेला आहे म्हणून यायचा. पॉलिटेक्निकची पदविका घेऊन साठच्या दशकाच्या शेवटी मी नागपुरात पालिकेच्या पाणीखात्यात ओव्हरसियर म्हणून लागलो. हाताखाली खोदकामाचे सहा बेलदार, एक सरकारी सायकल आणि एक चावीवाला. एवढ्या सैन्यावर मी स्वतःला सेनापती समजत होतो.

चावीवाला म्हणजे काय, ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. नळाला पाणी मोहल्ल्यामोहल्ल्यानं, वेळ वाटून येतं. ते वाटण्यासाठी रस्त्याखाली मोठ्या नळावर व्हॉल्व्ह बसवलेले असतात. चावीवाला छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, चावी खाली सोडायचा आणि आटे फिरवायचा. एक मोहल्ला बंद, दुसरा सुरू. लोकांना वाटायचं, पाणी साहेब सोडतात. छे! पाणी हा माणूस सोडायचा.

आमचा चावीवाला पन्नाशीच्या आसपासचा होता, कोष्ट्याच्या घरातला. घरी भाऊ मागावर लुगडी विणायचे, हा एकटाच माग सोडून पाण्यात पडला होता. आटे फिरवताना तोंडातल्या तोंडात मोजायचा. त्या वेळी कोणी हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. मला ते उर्मटपणाचं वाटायचं. कधी काम आटोपल्यावर तो म्हणायचा, ‘‘साहेब, या जुन्या लायनीच्या दोन गोष्टी तुमाले सांगाच्या होत्या.’’ मी घड्याळ बघत म्हणायचो, ‘‘नंतर.’’ मला कसली सांगतो हा? माझ्याकडे पुस्तक होतं, नकाशा होता, वर पदविका होती.

एका उन्हाळ्यात मोठ्या लाइनीचा जोड फुटला. चावीवाला पुतणीच्या लग्नाला उमरेडला गेलेला. आम्ही दिवसभर राबून जोड बसवला. चार-साडेचारला पाणी सोडायची वेळ आली, तेव्हा माझ्या अंगात आलं. म्हटलं, आता आलोच आहोत तर लाइनीवरचे सगळे व्हॉल्व्ह मीच तपासतो. बाकीचे ठीक निघाले. शेवटचा होता एका कोपऱ्यावर. तिथून नळ वळून एका वस्तीत जायचा. छप्पनच्या साली धम्म घेतलेली घरं होती ती सारी. मिलमध्ये जाणारे पुरुष, बिड्या वळणाऱ्या बाया, मधोमध एक छोटं विहार आणि गल्लीच्या तोंडाशी दोन सार्वजनिक नळ.

व्हॉल्व्ह डावीकडे फिरवला की उघडतो आणि उजवीकडे फिरवला की बंद होतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी बेलदाराला म्हटलं, ‘‘डावीकडे फिरवून बघ, पुरता उघडा आहे का.’’ तो फिरवायला लागला, तर चावी फिरतेच आहे, फिरतेच आहे! चौदा-पंधरा आटे गेले, तेव्हा कुठे अडली. माझं डोकंच फिरलं. एवढे आटे उघडायचे राहिले होते? म्हणजे हा म्हातारा व्हॉल्व्ह जवळपास बंद ठेवून मजेत हिंडतो आणि वस्तीवाले आमच्या नावानं बोंबलतात! मी हात झटकले. एक मोठं काम केल्यासारखं वाटलं. कचेरीत जाऊन झकास इंग्रजीत रिपोर्ट लिहिला, की चावीवाल्याच्या निष्काळजीपणामुळे व्हॉल्व्ह अर्धवट उघडे राहतात. खाली सही ठोकली.

चावीवाला लग्नाहून परतला, तेव्हा त्याच्या नावाचा हुकूम तयार होता. टेकडीवरच्या टाकीवर राखणदारी. लग्नातला नवा सदरा अंगात तसाच होता. कागद हातात घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला. म्हणाला, ‘‘काहून साहेब?’’ मी वर न बघता म्हणालो, ‘‘वरच्या साहेबांना विचारा.’’ त्यानं चावी भिंतीला टेकवली आणि निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात कोणी बडे पाहुणे त्या रस्त्यानं जाणार होते. रातोरात डांबराच्या गाड्या आल्या, रस्ता काळाकुळकुळीत झाला आणि कोपऱ्यावरचं झाकण डांबराखाली गेलं. नव्या चावीवाल्याला त्याचा पत्ताच नव्हता. वस्तीतून तक्रार आली, की नळाला करंगळीएवढीच धार येते. मी म्हणालो, उन्हाळा आहे, तुम्ही लाइनीच्या टोकाला आहात, असं होणारच. नकाशा उघडून दाखवलासुद्धा. नकाशात ते टोक खरंच टोक दिसत होतं, आणि व्हॉल्व्ह तर त्यात काढलेलाच नव्हता. त्यांना नकाशा काय कळणार? त्यांनी मान डोलावली आणि गेले.

मग माझी बदली पश्चिमेकडच्या भागात झाली. राहायलाही मी धरमपेठेतच होतो. तिथे नळ सोडला की बादली हलायची, एवढं प्रेशर. लग्न झालं, पोरं झाली, नऊ-दहा वर्षं निघून गेली. त्या कोपऱ्याची आठवण एकदाही आली नाही. खोटं कशाला बोलू?

तोवर सगळा कारभार मुख्य कचेरीतून चालायचा. गल्लीतलं झाकण तुटलं तरी फाइल वर जायची. ती खाली येईपर्यंत त्या खड्ड्यात एखादी म्हैस पडून निघालेली असायची. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी कोणाच्या तरी मनात आलं, की शहराचे भाग पाडा, प्रत्येक भागाला आपली कचेरी द्या, आपला इंजिनियर द्या, आणि त्या भागातल्या नगरसेवकांची समिती बसवा. लहानसहान कामं तिथल्या तिथे उरका. झोन म्हणायचे त्याला. तोवर मीही इंजिनियर झालो होतो आणि माझी नेमणूक नेमकी माझ्या त्या जुन्या भागाच्या झोनवर झाली. कचेरी कसली, एका बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या! फळ्यावर अजून पाढे लिहिलेले होते.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, संपलं! मुख्य कचेरीत निदान शिपाई लोकांना अडवायचा. इथे दार उघडलं की गल्ली थेट टेबलावर. आणि झालंही तसंच. पहिल्याच आठवड्यात एक बाई आली. चाळिशीची, उंच, कपाळ मोकळं. काखेत सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. मला वाटलं, काही विकायला आली. ती समोरच्या बाकावर बसली आणि बिड्या वळायला लागली.

‘‘बाई, काय काम आहे?’’

‘‘पाण्याचं हाय, भाऊ. आमच्या वस्तीत पाणी नाई येत.’’

‘‘अर्ज द्या.’’

‘‘अर्ज दिले. मोठ्या कचेरीत दिले. माह्या सासऱ्यानं दिले, ते मेले. मंग माह्या नवऱ्यानं दिले, ते आता दमले. म्हणून म्या आली. तुमी करा तुमचं काम, मी बसते. मले दिवसाच्या हजार बिड्या वळाच्या हायेत. घरी वळल्या काय, इथं वळल्या काय!’’

आणि बसलीच की! रोज सकाळी माझ्या आधी हजर. आम्ही खोली उघडायचो तर ही पायरीवर. मी चिडलो, ओरडलो, शिपायाला म्हटलं हिला बाहेर काढ. शिपाई म्हणाला, ‘‘साहेब, ते नाही उठाची.’’ त्याला ती आदल्याच दिवशी बिडी देऊन बसली होती. चौथ्या दिवशी मी हरलो. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, सांगा.

तिनं सांगितलं. नळावर एक गुंड, म्हणजे पितळी घागर, भरायला अर्धा तास लागतो, म्हणून वस्तीतल्या पोरी रेल्वेफाटकापलीकडच्या विहिरीवर जातात. तिच्या घरचं पाणी मोठी लेक आणते. सकाळी चार खेपा, संध्याकाळी तीन. ‘‘मोठीचं लग्न जमलं. पुढच्या महिन्यात जाते ती कामठीले. ती गेली का पाणी धाकटीवर येते. धाकटी दहावीत हाय, भाऊ. मार्चात परीक्षा. आमच्या घरातून दहावीले बसणारी पयली पोट्टी हाय ती.’’ मग हातातली बिडी दोऱ्यानं गुंडाळत म्हणाली, ‘‘माह्या मायले गावच्या विहिरीले हात लावू देत नव्हते. इथं वस्तीत नळ आला तवा आमी त्याले हार घातला होता. नळाले! आता त्या नळाले काय झालं, एवढंच सांगा.’’

मी नेहमीचं उत्तर दिलं. लाइन जुनी, तुम्ही टोकाला, नवी मोठी लाइन मंजुरीला वर गेलेली आहे. बोलता बोलता माझं मलाच ते पोपटासारखं वाटलं. मुख्य कचेरीत असतो तर ती वस्ती माझ्यासाठी नकाशातल्या रेघेचं टोकच राहिली असती. इथे ते टोक माझ्यासमोर बाकावर बसून बिड्या वळत होतं. मी उठलो. म्हटलं, ‘‘चला, दाखवा नळ.’’

आम्ही लाइनीवरून घराघरानं चालत निघालो. प्रेशर बघायला मीटर लागतं, पण झोनला अजून मीटर मिळालं नव्हतं. मी प्रत्येक नळाच्या तोंडाला अंगठा लावून बघत गेलो. कोपऱ्याच्या अलीकडच्या शेवटच्या घरात पाण्यानं अंगठा उडवून लावला आणि माझा सदरा भिजवला. बाई खळखळून हसली. कोपरा ओलांडून वस्तीतल्या पहिल्या नळाला अंगठा लावला, तर पाणी तिथेच मुकाट थांबलं. म्हणजे लाइन जुनी वगैरे काही नव्हतं. त्या पन्नास-साठ पावलांत काहीतरी अडलं होतं. मी कोपऱ्यावर उभा राहिलो. डांबर गुळगुळीत. इथे एक झाकण होतं, नाही का?

त्याच दुपारी मी म्हाताऱ्या चावीवाल्याच्या घरी गेलो. तो रिटायर झाला होता. माजघरात माग खडखडत होता, भाऊ विणत होता आणि हा ओसरीवर बसून सूत गुंडाळत होता. मला बघून उठला. मी विचारलं, ‘‘काकाजी, त्या कोपऱ्यावर व्हॉल्व्ह आहे ना?’’ आयुष्यात पहिल्यांदा त्याला काकाजी म्हटलं.

‘‘हाये ना साहेब. उलट्या आट्याचा हाये तो.’’

‘‘उलट्या म्हणजे?’’

‘‘इंग्रजाच्या काळचा. त्या लायनीवर तसा तो एकच उरला. बाकी सारे उजवीकडं बंद होतात, थो डावीकडं बंद होते. आमाले उस्तादानं पयल्याच दिवशी सांगतलं होतं. तुमाले तेच सांगाचं होतं मले, पण तुमाले वेळ नव्हता.’’

मी ओसरीवर बसलो. डावीकडे चौदा-पंधरा आटे! पुरता उघडा असलेला व्हॉल्व्ह मी माझ्या हुकमानं गच्च बंद करून आलो होतो. जुना, झिजलेला म्हणून तेवढी करंगळीएवढी धार निसटत होती. आणि ज्यानं तो वर्षानुवर्षं नीट सांभाळला, त्याला मी टाकीवर हाकलला होता. मी त्याला सगळं सांगितलं. रिपोर्टाचंही सांगितलं. सांगता सांगता मला रडू फुटलं. मोठा माणूस, दोन पोरांचा बाप, आणि दुसऱ्याच्या ओसरीवर रडतो आहे.

आतला माग थांबला होता. म्हाताऱ्याचा आवाज चढला. मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. ‘‘तुमच्या एका कागदानं मले टाकीवर बसोलं साहेब. मले वाटे, माह्याकडून काय चुकलं, काय चुकलं! वर्षं गेली याच्यात. भावकीत लोक म्हणत, यानं कायतरी खाल्लं असंल म्हणून हाकलला.’’ त्यानं सूत बाजूला टाकलं. ‘‘उठा आता. पोरीबाळी पाणी वाहून राहिल्या अन् तुमी इथं डोळे पुसून राहिले! चला.’’ आणि खुंटीवरची टोपी काढून तो माझ्या पुढे चालायला लागला.

आता रस्ता खोदायचा होता. त्या वॉर्डाच्या नगरसेवकांना कळवणं भाग होतं. गृहस्थ मनाचे चांगले, बोलायला गोड. पण नव्या लाइनीचं उद्‌घाटन आपल्या हातून व्हावं, ही त्यांची फार इच्छा. ते म्हणाले, ‘‘अहो, नवी लाइन येतेच आहे. माझ्या वॉर्डात एकच रस्ता धड आहे, तोही फोडता? आणि खाली काही निघालं नाही तर? वरचे म्हणतील, झोनवाल्यांना दोन खोल्या काय दिल्या, लागले रस्ते उकरायला! दिलेला अधिकार काढून घेतील.’’ यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. दुरुस्तीसाठी रस्ता उघडायचा अधिकार झोनच्या इंजिनियरला नव्यानंच मिळाला होता आणि आमच्या झोनमध्ये तो अजून कोणी वापरला नव्हता. पूर्वीचा मी असतो तर फाइल वर पाठवून मोकळा झालो असतो. वर पाठवली की पाप वरच्यांचं. पण इथे वर कोणी नव्हतंच. मीच होतो. मी सही केली आणि म्हटलं, ‘‘उद्या सकाळी खोदतो. काही निघालं नाही तर माझं नाव सांगा.’’

डिसेंबरची थंडी होती. सकाळी बेलदार गैंत्या-कुदळी घेऊन आले. अख्खी वस्ती शाली पांघरून जमली. म्हाताऱ्यानं एका घराच्या जोत्यापासून पावलं मोजली आणि खूण केली. दोन हात खोल गेलो, नुसता मुरूम. वस्तीतली पोरं खिदळायला लागली. एक आजोबा म्हणाले, ‘‘साहेब, विहीरच खोदून राहिले का गा? मंग तं आनखीच बेस!’’ मी तापलो. म्हाताऱ्यावर खेकसणार होतो, तोंड उघडलंही होतं. मग मिटलं. त्यानं शांतपणे सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि रस्त्यावर ठोकत ठोकत, कान देऊन, तसूतसूनं सरकायला लागला. जोत्यालाच नवी पायरी बांधली होती, म्हणून त्याचा हिशेब पावलाभरानं चुकला होता. एका जागी आवाज बदलला. त्यालाही कळला, मलाही कळला, आणि पोरं गप्प झाली.

डांबर फुटलं, खाली झाकण निघालं. व्हॉल्व्ह गंजून बसला होता. रॉकेल ओतून आम्ही थांबलो, पुन्हा ओतलं, पुन्हा थांबलो. मग म्हाताऱ्यानं चावी हातात घेतली. मी पुढे झालो तर कोपरानं मला मागे सारलं. पहिला आटा निघता निघेना. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मग एकदम कर्रर्र आवाज झाला आणि चावी उजवीकडे फिरली. तो मोजायला लागला. या वेळी मीही त्याच्याबरोबर मोजत होतो. खालून नळातून पाणी धावल्याचा आवाज आला, आणि गल्लीच्या टोकाकडून एक किंकाळी. ‘‘आलं वं मायबाई! आलं!’’

आधी हवा, मग तांबडं गढूळ पाणी, मग स्वच्छ. पोरं कपड्यांसकट नळाखाली. बाया गुंड, बादल्या, घागरी, हाताला लागेल ते घेऊन धावल्या. आजोबा मला म्हणाले, ‘‘जाऊ द्या, विहीर राहू द्या आता.’’ नगरसेवक तोवर आलेच होते. त्यांनी पायरीवर चढून सांगितलं, की लाइनीत कचरा अडकला होता, तो आपल्या झोननं काढला, आता आपल्या भागाचा कारभार आपल्या हाती आहे. टाळ्या पडल्या. कोणीतरी झेंडूचा हार आणला आणि माझ्या गळ्यात घातला.

कचरा! किती सोपं होतं. कोणालाही कळलं नसतं. म्हातारा खाली बघत हात पुसत होता. तो काही बोलणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तो हार काढला. म्हटलं, ‘‘कचरा नव्हता. हा व्हॉल्व्ह मी बंद केला होता. मी उघडतो आहे असं समजून बंद केला. या काकाजींना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही, उलट त्यांच्यावरच खापर फोडलं. नऊ-दहा वर्षं तुम्हाला पाणी मिळालं नाही, ते माझ्यामुळे.’’ आणि हार म्हाताऱ्याच्या हातात दिला. गळ्यात घालायची हिंमत झाली नाही.

नळ तसाच वाहत होता आणि तो बंद करायचं कोणाला सुचत नव्हतं. मला वाटलं, आता शिव्या बसतील. बसाव्यात असंही वाटत होतं. ती बाई पुढे आली. आतापर्यंत मला तुमी म्हणायची. ती तूवर आली. ‘‘कोनत्या साली केलं गा तू?’’ मी सांगितलं. ती मागे वळली आणि गर्दीतून एका पोरीला दंडाला धरून पुढे आणलं. एकोणीस-वीस वर्षांची, सडपातळ, हातात भरलेली बादली. दोन्ही तळव्यांना दोराचे घट्टे पडलेले.

‘‘ही माही मोठी. त्याच साली हिले चौथीतून काढली,’’ बाई म्हणाली. ‘‘मले काय सांगतं? हिले सांग.’’

मी तिला सांगितलं. तेच सगळं, पुन्हा पहिल्यापासून. ती बादली खाली न ठेवता ऐकत होती. शेवटी माफ कर म्हटलं. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. तिनं विचारलं, ‘‘मंग, तुह्यासारका दुसरा कोनी साहेब आला तं पुन्हा बंद करंन का?’’

नकाशात तो व्हॉल्व्ह काढीन, झोनच्या भिंतीवर लावीन, असं काहीतरी पुटपुटलो. पुढे ते केलंही. पण ती तोवर खड्ड्याच्या काठाशी गेली होती. बादली ठेवली, पदर खोचला आणि म्हाताऱ्याला म्हणाली, ‘‘बाबाजी, मले दाखवा कसा फिरते.’’

बेलदार हसले. नगरसेवक म्हणाले, ‘‘अगं, ते पालिकेचं काम आहे.’’ म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं चावी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, ‘‘मोठ्यानं मोज. डावीकडं बंद, उजवीकडं सुरू. बाकी दुनियेच्या उलटा.’’ विहिरीवर दोर ओढून ओढून तिच्या हातात काय बळ होतं! पुरुषाला जड जाणारी चावी तिनं डावीकडे फिरवली, मोठ्यानं मोजत. गल्लीतला नळ बारीक होत गेला आणि थेंबावर आला. आतून बायांचा एकच गलका उठला, ‘‘अवं, गेलं वं! पाणी गेलं! पाहा, पुन्हा गेलं!’’

तिनं मान वर केली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘‘ओरडू नका! म्या बंद केलं! आता मीच उघडते!’’